बुधवारचा उपास

आमच्या ख्रिस्ती मंडळीत बुधवारी कोणी उपास धरत नाही. शुक्रवारी धरतात, कोणी आजारी असलं तर धरतात, पण बुधवारी नाही. नवे पाळकसाहेब आले की त्यांना नवल वाटतं आणि ते विचारतात, असं का? मग जुन्या बायका माझ्याकडे बघतात आणि मी पदर सारखा करत खाली बघते. चारचौघांत बोलणं मला कधी जमलं नाही. चौथीपर्यंत शिकले, तेव्हाही धडा वाचायला उभं केलं की पाय लटलट कापायचे. लिहिताना पाय कापत नाहीत, म्हणून लिहून ठेवते आहे.

मी लग्न होऊन पिंपरीला आले तेव्हा औषधाचा कारखाना नुकताच सुरू झाला होता. आमचे हे बॉयलरवर कामाला होते. कामगारांसाठी पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा होत्या, एकीला एक लागून. एका अंगाला आगगाडीचे रूळ, दुसऱ्या अंगाला नदीपर्यंत ज्वारीची रानं. निगडीकडे बघितलं तर नुसता माळ आणि बोरीची झुडपं. भोंगा झाला की माणसांचा एक लोंढा बाहेर आणि एक लोंढा आत. कोण कुठल्या जिल्ह्याचा, कोण कुठल्या देवाचा, हे त्या लोंढ्यात कळायचं नाही. खोल्यांच्या रांगेत आलं की मात्र सगळं कळायचं.

आम्ही ख्रिस्ती घरं थोडीच होतो, बहुतेक नगरकडची. देऊळ नव्हतं. पाळकसाहेब महिन्यातून एकदा खडकीहून सायकलवर यायचे. रविवारी उपासना व्हायची, पण पुरुषांतला निम्मा मेळा कामावर आणि उरलेला रात्रपाळी करून झोपलेला. खरं देऊळ म्हणजे आमची बायकांची बुधवारची सभा. हे मी अभिमानानं लिहिते. भिंत नाही, घंटा नाही, पण बुधवार कधी चुकला नाही.

सभा पाळीपाळीनं प्रत्येकीच्या घरी असायची. जिच्या घरी सभा, तिनं खोली सारवायची, गोधड्या अंथरायच्या. मग गीत, शास्त्रवाचन, आणि एकेकीनं मोठ्यानं प्रार्थना. माझी पाळी आली की मी पदरात तोंड घालून "आमेन" एवढंच म्हणायची आणि शेजारणीला कोपर लावायची. सगळ्यात शेवटी चहा. गुळाचा, आलं टाकलेला. तो चहा पिताना बायका जेवढं बोलायच्या तेवढं आठवडाभरात बोलत नसतील.

सभा चालवायच्या त्या मावशी. विधवा होत्या, तरुणपणी मिशनातल्या बाईंबरोबर गावोगाव फिरून शास्त्र सांगायच्या. अंगानं काटकुळ्या, पण आवाज असा की भोंगा झाला तरी वाचन थांबायचं नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा मुंबईला जाऊन बोटीवर खलाशी झाला आणि मग त्याची काही खबरच आली नाही. तेव्हापासून मावशी दर बुधवारी कडकडीत उपास धरायच्या. पाणीसुद्धा नाही. लेक परत येईपर्यंत बुधवारी अन्नपाणी घेणार नाही, असं त्या देवाशी बोलल्या होत्या. त्यामुळे सभेचा चहा त्या कोणाच्याच घरी घेत नसत, आणि कोणी आग्रहही करत नसे.

आमच्या खोलीला लागून आक्काची खोली. मधे एकच भिंत. मी खोकले तरी पलीकडून आवाज यायचा, "काय गं, हळद घातलेलं दूध दिऊ का?" तिचा नवरा कारखान्यात झाडलोट करायचा. आक्का उंच, रुंद खांद्यांची, हसली की पत्रे वाजायचे. नळाला पाणी कधी येतं, वाणी कुठला बरा, सासूला कशाला हो म्हणायचं आणि कशाला नुसतं हूं म्हणायचं, हे सगळं तिनं मला शिकवलं. सभेत गीत धरायची ती आक्काच. तिनं पहिली ओळ उचलली की आमचे बसलेले गळे आपोआप मोकळे व्हायचे.

आणि ती दोर वळायची. रुळांच्या कडेला घायपात उगवायचं. ते कापून, डबक्यात कुजवून, बडवून त्याचे पांढरे धागे काढायची आणि मांडीवर वळायची. त्या रांगांमधले पाळणे बहुतेक तिच्याच दोरांवर टांगलेले होते. मला दिवस गेले तेव्हा तिनं न सांगताच माझ्या पाळण्याचा दोर वळायला घेतला. मऊ व्हावा म्हणून रोज तेलाचा हात फिरवायची.

आता जे लिहायचं ते थोडं अवघड आहे. आमच्या सगळ्यांचे आजे गावकुसाबाहेरचेच. पण गावकुसाबाहेरही वाडे होते, आणि एका वाड्याचं पाणी दुसऱ्या वाड्याला चालत नव्हतं. आज्यांनी बाप्तिस्मा घेतला, मुलांना नवी नावं ठेवली, शाळेत घातलं. पण पाण्याची ती जुनी गोष्ट तशीच मागं मागं आली, नगरहून पिंपरीपर्यंत. आक्काचे लोक वाजंत्री वाजवणारे, दोर वळणारे. बाकीची आम्ही दुसऱ्या वाड्यातली. तोंडानं कोणी काही म्हणत नसे. रविवारी सगळे एकत्र बसायचे. पण आक्काच्या घरातला घोट कोणाच्या नरड्याखाली गेलेला नव्हता.

हे मला कळलं ते नळावर. मी नवी होते, तिच्या घरची सभा मी अजून पाहिली नव्हती. आक्का हंडा घासता घासता म्हणाली, "या बुधवारी माझ्याकडं सभा हाय. तू येशील ना?"

"येईन की."

"आणि चहा?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "घेईन. का?"

ती हसली. "अगं, मागल्या खेपेला माझ्याकडं सभा झाली, तर सगळ्यांचे उपास निघाले. एकीचं बघून दुसरीचा, दुसरीचं बघून तिसरीचा. देवाला बी कळंना, एवढ्या बायका आज का उपाशी! पातेलंभर चहा आमी दोघं दुसऱ्या दिवसापत्तुर प्यालो. मालकांना झोप न्हाई आली."

मीही हसले. मग ती हसायची थांबली.

"ह्या खेपेला बी तसंच झालं तर मी सभा सोडणार. मालक तर म्हणतात, गावाकडं चल, तिकडं आपली माणसं तरी हायेत. देवावर माझा राग न्हाई. पर त्याच्या घरात मी गाणं म्हणायचं आणि माझ्या घरात त्याच्या लेकींनी तोंड बांधायचं, हे आता मला सोसत न्हाई."

मग तिनं मला घरात नेऊन कपबश्या दाखवल्या. कोऱ्या करकरीत, चिनी मातीच्या, निळ्या काठाच्या. निर्वासितांच्या कॅम्पातल्या सिंधी दुकानदाराला कापडाचे गठ्ठे बांधायला दोर हवे होते; तिनं दोर दिले आणि बदल्यात कपबश्या आणल्या. "भांड्याचा इटाळ मानत असतील, म्हणून," ती म्हणाली. "ह्यांना अजून माझा सुद्धा हात लागला न्हाई, फडक्यानंच धरते."

 मी एक कप उचलून परत ठेवला.

बुधवारी सकाळी माझ्या सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, मला भाकरी थापता थापता सांगितलं, "आज तिथं काई घ्यायचं न्हाई. उपास हाय म्हनून सांगायचं."

आमचे हे रात्रपाळीहून येऊन नुकते आडवे झाले होते. ते पडल्या पडल्या म्हणाले, "आई, तिला सहावा महिना. काल तूच तिला दोन वेळा दूध पाजलंस, आणि आज उपास?"

"एका चहापुरता उपास. पोटाला काय होतंय त्यानं?"

"आणि त्यांनी पाळण्याचा दोर दिलाय तो?"

"दोर चालतो," आत्याबाई म्हणाल्या. "दोर काय तोंडात घालायचा असतोय व्हय?"

हे कुशीवर वळले आणि पांघरूण तोंडावर घेतलं. हसत होते की चिडले होते ते दिसलं नाही. आत्याबाई वाईट नव्हत्या. ज्या बाईनं लेकराच्या पोटासाठी दुष्काळात खडी फोडली, तिला वाईट कसं म्हणू? पण त्यांना जे त्यांच्या सासूनं शिकवलं, तेच त्या मला शिकवत होत्या.

दुपारी आम्ही गेलो. आक्कानं खोली अशी सारवली होती की पाऊल टाकायला जीव होईना. चुलीवर चहा उकळत होता, आल्याचा वास बाहेर रांगेपर्यंत येत होता. बायका आल्या, बसल्या. आक्कानं गीत धरलं.  मावशींनी वाचन केलं. प्रार्थना झाल्या. माझ्या पाळीला मी नेहमीसारखं "आमेन" म्हटलं.

आक्कानं परातीत कपबश्या मांडल्या आणि चहा ओतला. पहिलीपुढे परात धरली.

"मला नको बाई, आज माझा उपास हाय."

दुसरी म्हणाली, "माझा बी."

तिसरीनं नुसता हात हलवला. परात पुढे सरकत होती आणि एकही कप उचलला जात नव्हता. निळ्या काठाच्या कपांतून वाफ निघत होती. आक्काच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रोज ओझं उचलणारं माणूस पाठ ताठ ठेवतं ना, तशी ती मान ताठ ठेवून चालत होती. परात आत्याबाईंपुढे आली.

"माझा उपास," आत्याबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बोट करून पुढे म्हणाल्या, "हिचा बी."

आक्का माझ्यापुढे उभी राहिली. तिला वाटलं असणार, संपलं आता. ती परात मागे घ्यायलाच लागली होती.

मला बोलता आलं असतं तर मी म्हटलं असतं, माझा उपास नाही. पण माझ्या तोंडून शब्द निघणं कठीण. हात मात्र निघाला. मी कप उचलला, आणि आत्याबाई काही म्हणायच्या आत, बशीत न ओतताच, तो तसाच्या तसा घशात ओतला.

चहा उकळता होता. जीभ, टाळू, घसा, सगळं पेटलं. डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून पाणी आलं, आणि मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की माझा आवाज मलाच ओळखू येईना,

"पाणी! आक्का, पाणी!"

सभेत माझ्या तोंडून निघालेला "आमेन"नंतरचा हा पहिला शब्द.

आक्का जागची हलेना. तिला समजतच नव्हतं की मी तिच्याजवळ पाणी मागते आहे. मग परात तशीच खाली ठेवून ती माठाकडे धावली, तांब्या बुडवला आणि माझ्या हातात दिला. वरून ओतून घ्यायला मला कुठं सुचतंय? मी तांब्याला तोंड लावलं आणि घटाघटा सगळा रिकामा केला. समोर आत्याबाई. बघत होत्या.

एक बाई हसली. मग दुसरी. "अगं, चहा पळून चालला होता का?" कोणीतरी म्हणालं. मी तांब्याआड तोंड लपवलं.

मावशी हसल्या नाहीत. त्या शास्त्र मिटून मांडीवर ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, "शोमरोनी बाईजवळ प्रभूनं विहिरीवर काय मागितलं होतं?"

पाणी मागितलं होतं, ज्यांच्या भांड्याला यहूदी शिवत नसत त्या शोमरोनी बाईजवळ. सगळ्यांना ठाऊक होतं.

"आज कोणाकोणाचा उपास आहे?" मावशींनी विचारलं. "माझा कशासाठी आहे ते तुम्हाला माहीत आहे. तुमचा कशासाठी?"

बायका गोधडीचे दोरे उसवत बसल्या. शेवटी कोपऱ्यातली एक जण पुटपुटली, "मावशी, तुमचा असतो म्हणून... आमी बी."

"माझ्याबरोबर? मग मागल्या बुधवारी भजी कोणी खाल्ली?"

 मावशींचा तो भोंग्यावर जाणारा आवाज एकदम बारीक झाला. "माझ्या लेकाच्या आड लपता व्हय गं तुम्ही? मी त्याच्यासाठी उपाशी राहते, आणि तुम्ही त्याची भिंत करून हिला बाहेर ठेवता? मी मेली इतके दिवस इथं बसून शास्त्र वाचते, आणि मला दिसलं नाही."

त्यांनी शास्त्र बाजूला ठेवलं. मग त्यांनी आक्कापुढे हात केला. "दे. मला चहा दे."

आता आक्कानं काय करावं? जिनं कोरे कप आणले, जी या एका गोष्टीसाठी सभा सोडायला, पिंपरी सोडायला निघाली होती, ती परात उचलून मागे सरकली. परात छातीशी धरून म्हणाली, "न्हाई मावशी. तुमाला न्हाई द्यायची मी. तुमी देवाशी बोललाय. तुमचा ल्योक तिकडं समुद्रावर हाय. माझ्या चहापायी त्याला काई झालं तर? नगं. कोणीबी नका पिऊ. मी येत जाईन सभेला, न्हाई सोडायची. पर तुमचा उपास मोडू नका."

त्या क्षणी मी आक्काकडे पाहिलं, आणि मला एवढा अभिमान वाटला की भाजलेली जीभ विसरले. तिला हवं होतं ते समोर आलं होतं, आणि ते दुसऱ्या बाईच्या लेकासाठी ती सोडून देत होती.

मावशी उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. आक्काजवळ गेल्या. तिच्या परातीतला एक कप त्यांनी स्वतःच उचलला आणि उभ्या उभ्याच प्रार्थना केली. लांबलचक नाही. "प्रभू, हा उपास मी तुझ्यासाठी धरला होता. आज हिच्यासाठी सोडते. लेक तुझ्या हातात आहे, माझ्या पोटात न्हाई. आमेन."

कप काठोकाठ भरलेला होता. आक्का रडत होती आणि तरी तिनं खालून बशीला हात लावला, सांडू नये म्हणून. दोघींनी मिळून तो कप मावशींच्या तोंडापर्यंत नेला.

मग बायका एकेक करून पुढे झाल्या. कप उचलला आणि प्यायला. एकीनं सगळ्यांदेखत आक्काच्या पायाला हात लावला, तर आक्का म्हणाली, "सर बाजूला, चहा सांडंल."

आत्याबाई शेवटपर्यंत बसून होत्या. परातीत एकच कप राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, आणि कप उचलून बशीत ओतला. फुंकर मारली. एक घोट घेतला. सगळी खोली त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"गूळ बेताचा पडलाय," आत्याबाई म्हणाल्या.

आक्कानं नाक पुसलं. "पुढल्या खेपेला जास्त घालते, आत्याबाई."

"घाल. आणि आलं कमी."

घरी आल्यावर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी भांडी घासली, दिवा लावला, आता काय ऐकावं लागेल म्हणून वाट बघत. जेवायला बसताना त्यांनी माझ्या भातावर दोन बोटं तूप घातलं. "जीभ भाजली ना? मग निवल्याबिगर गिळू नगंस," एवढंच म्हणाल्या.

आक्का गावी गेली नाही. पुढच्या बुधवारी सभा सुरू व्हायच्या आधी मावशींनी सांगून टाकलं, "बुधवार सभेचा. ज्यांना उपास धरायचा त्यांनी दुसरा वार बघावा. मी शनिवार धरला आहे." आणि खरंच त्यांनी शनिवार धरला, शेवटपर्यंत. मुलाची खबर कधीच आली नाही. एका शेजारणीनं एकदा त्यांना टोमणा मारला की बुधवार मोडला म्हणून असं झालं. मावशी म्हणाल्या, "देव काय वाणी आहे का, एक कप चहाचा हिशोब लावायला?" आणि पुस्तक उघडून वाचायला बसल्या. पण त्यानंतर कितीतरी बुधवार मी त्यांना आक्काच्या दारात बसून रुळांकडे बघताना पाहिलं आहे. म्हातारपणी त्या आक्काच्याच खोलीत राहिल्या. जेवण, औषध, उठणं-बसणं सगळं आक्कानं केलं. "मला लेक मिळाली," असं त्या पाळकसाहेबांना सांगायच्या, आणि आक्का म्हणायची, "आणि मला ही कटकट."

माझा मुलगा आक्काच्या दोरावरच्या पाळण्यात वाढला. त्याच दोरावर मग धाकटी, आणि आता नातवंडं. घायपाताचा दोर एवढा टिकतो हे कोणाला खरं वाटत नाही.

आत्याबाई पुढं कोणाच्याही घरी चहा घ्यायच्या, कधी काही म्हणायच्या नाहीत. फक्त आक्काच्या घरी सभा असली की पहिला घोट घेऊन म्हणायच्या, "गूळ बेताचा पडलाय." मग दुसरा कप मागून घ्यायच्या. आक्का मुद्दाम गूळ कमी घालते, असं मला फार दिवस वाटत होतं. एकदा विचारलं तर म्हणाली, "मग! नावं ठिवल्याबिगर त्यांना दुसरा कप कसा मागता येईल?"